पैसे देऊन काम करून राह्यलो

मागच्या मार्चमधली गोष्ट. मार्च एन्डिंग असल्यामुळे बँकेतून घरी यायलाच नऊ वाजून राहिले होते, रात्रीचे साडेअकरा झालेले, आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून एक मळकी व्हॅन धुऊन राहिलो होतो. खरी नाही, गेममधली. आई पाणी प्यायला उठली, माझ्या मागे दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "कोनाची गाडी आहे रे ही?" मी म्हटलं कोणाचीच नाही, गेम आहे. "मंग जिंकलं कोन?" यात जिंकणं नसते आई, नुसतं धुवायचं असते. "धुतल्याचे पैसे भेटते?" खोटे भेटतात, खरे तं मीच देऊन घेतला हा गेम. आई काही बोलली नाही, ग्लास घेऊन आत गेली, आणि मग आतून अंधारातून आवाज आला, "म्हंजे तू पैसे देऊन काम करून राह्यला."

यार, झोपच उडाली. कारण त्यानंतर मी माझ्याकडच्या गेमची यादी उघडून बघितली, आणि आईचं बरोबर होतं. एकही गेम नव्हता ज्यात मी मजा करतो. सगळ्या नोकऱ्या होत्या.

आता या वळणाला मी लागलो कसा ते सांगतो. माझं पोट्टं तेरा वर्षांचं, ते आणि त्याचे दोस्त ते धाडधाड गोळीबारवाले गेम खेळतात. हौसेनं मीही एकदा बसलो. पॅराशूटमधून खाली उतरलो, दरवाजा उघडायचं बटण शोधून राहिलो होतो तेवढ्यात मेलो. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्याच्या मित्राने हेडफोनमधून एकदम आदरानं सांगितलं, "अंकल, तुम्ही बघा फक्त." त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचा एवढा नम्र अपमान कोणी केला नसन. तेव्हापासून मी ते गेम शोधायला लागलो ज्यांचं नाव घेतलं की समोरचा "काय?" म्हणते, जिथे कोणी मारत नाही, घाई नाही, आणि सेलमध्ये सावजीच्या प्लेटपेक्षा स्वस्त पडतात.

पहिला घेतला 'पेपर्स, प्लीज'. २०१३ चा, लुकास पोप नावाच्या माणसाने जवळपास एकट्याने बनवलेला. अर्स्टोत्स्का नावाचा एक खोटाच देश, साल १९८२, आणि तुम्हाला लॉटरीत नोकरी लागली आहे सीमेवरच्या चौकीत. लोक रांगेत येतात, खिडकीतून कागद सरकवतात, तुम्ही जुळवायचं की तारीख संपली का, फोटो याचाच का, शहराचं नाव बरोबर का, आणि मग हिरवा नाही तर लाल शिक्का. रोज सकाळी वरून नवीन नियम येतो. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांवर नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात. आणि संध्याकाळी त्या पगारातून घराचं भाडं, जेवण, शेकोटी आणि आजारी पडली तर सासूचं औषध.

लोक म्हणतात काय भन्नाट कल्पना आहे. असन बावा. मी केवायसी काउंटरवर बसतो. त्याच दिवशी एक काका आले होते, आधारवर 'प्रभाकरराव', पॅनवर नुसतं 'प्रभाकर'. मी म्हटलं काका हे जुळत नाही. काका म्हणे, "साहेब, राव आदरानं लावलं, आता त्या पॅनवाल्यांना आदर नसन ठेवाचा तं मी काय करू?" याला शिक्का कोणता मारू सांगा. गेममध्ये निदान ते बिचारे गप उभे राहतात. त्यात एक जोर्जी नावाचा म्हातारा आहे, एकदा पासपोर्टच न घेता येतो, मग पुढे हातानं रंगवलेला पासपोर्ट घेऊन येतो, देशाचं नाव कोब्रास्तान, असा देशच नाही. परत पाठवलं तरी हसत जातो, म्हणते पुन्हा येईन. असला माणूस मला रोज भेटते, फक्त आमच्याकडचा हसत नाही, मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो.

गेम एक नंबर आहे, खोटं कशाला बोलू. पण आठव्या दिवसाला मी सोडला, कारण सोमवारी काउंटरवर एका मावशींचं आधार हातात घेतलं आणि माझा उजवा हात आपोआप लाल शिक्का शोधायला गेला.

तरी अक्कल आली का, नाही. त्याच पोपचा दुसरा घेतला, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', २०१८ चा. म्हटलं जहाज आहे, समुद्र आहे, भूतबीत असन, बदल होईल. तर त्यात तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे इन्स्पेक्टर! १८०७ साल, एक जहाज रिकामं परत आलं आहे, वरती ६० माणसं होती, प्रत्येकाचं नाव काय, मेला कसा, कोणी मारला, हे वहीत भरायचं. एक खिशातलं घड्याळ आहे, मढ्याजवळ उघडलं की तो मेला तो क्षण थिजलेला समोर उभा राहतो. चित्रं जुन्या कॉम्प्युटरसारखी दोनच रंगातली, पण असं सुंदर काही मी या धंद्यात बघितलेलं नाही. कोणाला बोलण्याच्या ढबीवरून ओळखायचं, कोणाला झोळीतून बाहेर आलेल्या पायावरून. तीन जणांचं बरोबर लिहिलं की मगच गेम म्हणतो हो, पक्कं.

पण मित्रहो, हे डेथ क्लेम आहे. साठ डेथ क्लेम, एकाचंही सर्टिफिकेट नाही, नॉमिनीचा पत्ता नाही. मी यासाठी वेगळी वही घातली होती आणि ती वही नेमकी दुधाच्या हिशेबाची निघाली. महिन्याच्या शेवटी बायको दूधवाल्यासमोर वही उघडून उभी, आणि १४ तारखेच्या अर्ध्या लिटरखाली लिहिलेलं, "हा बुटावरून सापडला. गोळी. मारणारा बहुतेक स्वयंपाकी." दूधवाल्याने त्या महिन्यात हिशेबाची घासाघीस केली नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांचा 'राजी' पण घेतला होता, २०२० चा, आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांनी केला म्हणून अभिमानाने. दिसायला फार देखणा. पण त्यात खूप उड्या मारायच्या असतात आणि माझ्या हातून ती बिचारी पोरगी इतक्यांदा खड्ड्यात पडली की मलाच अपराधी वाटायला लागलं. 'मिनी मेट्रो' मात्र गोड आहे, रेघा ओढायच्या आणि गोल, त्रिकोण, चौकोन अशा प्रवाशांना त्या-त्या आकाराच्या स्टेशनवर पोचवायचं. पहिली दहा मिनिटं ध्यान लागते, मग एका स्टेशनवर गर्दी साचते आणि खेळ खतम. आपल्या नागपुरात ऑरेंज आणि ॲक्वा अशा दोनच लाईनी, सीताबर्डीला एकमेकींना भेटतात, एवढ्यावर का थांबले ते मला हा गेम खेळून कळलं.

आता येतो कहर. 'डेझर्ट बस'. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांनी १९९५ मध्ये मुद्दाम वैताग म्हणून बनवून घेतलेला, तेव्हा बाजारात आलाच नाही, नंतर कॉपी बाहेर फुटली. करायचं काय, तर टूसान ते लास वेगास बस चालवायची. आठ तास. खरे आठ तास. वेग ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही, रस्ता सरळ, वळण नाही, प्रवासी नाही, ट्रॅफिक नाही, पॉज नाही. बरं, स्टिअरिंगला काहीतरी अडकवून झोपू म्हटलं तर तेही नाही, बस किंचित उजवीकडे ओढते, सारखं सरळ करत राहावं लागते. रस्त्याखाली उतरली की टो करून परत टूसानला, तेही तेवढ्याच वेळात. आणि पोचलात तर एक पॉइंट. एक! मग विचारते, परत जायचं का. पाचेक तासांनी काचेवर एक किडा येऊन आपटतो, हीच काय ती घटना. २००७ पासून काही लोक दरवर्षी हा गेम दिवसेंदिवस खेळून मुलांसाठी देणगी गोळा करतात, आणि लोक देतात. का देतात ते मला समजू शकते.

समृद्धीवरून गेलेल्या नागपूरकराला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. माझा साळा शिर्डीला निघाला की बुटीबोरीपर्यंत राजकारण बोलतो, वर्ध्यापर्यंत गाणी, आणि पुढे जे गप्प होते ते थेट जेवायलाच तोंड उघडते. मी रविवारी दुपारी एक वाजता बसलो, पंखा फुल, बाहेर सगळं कडकडीत बंद. पहिल्या तासात वैताग आला, दुसऱ्या तासात झोप, आणि तिसऱ्या तासात काय झालं सांगू, मला बरं वाटायला लागलं. कोणी काही विचारत नव्हतं. कागद नव्हते. उजवीकडे ओढली की सरळ करा, बस. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हे काम आपल्याला जमते. तेवढ्यात लाईन गेली. यूपीएस सात मिनिटं टिऊ टिऊ करत राहिला, मी त्या सात मिनिटात वेगाससाठी जीव तोडून गाडी हाकली, म्हणजे ४५ नेच. मग सगळं काळं. टो करून नेली असती तरी मान राहिला असता.

पोरगं म्हणे, "बाबा, किडा आला होता का?" नाही रे, म्हटलं. "म्हणजे काहीच नाही झालं." आणि निघून गेलं.

घरात एकच गेम बाकीच्यांना आवडला, 'अनपॅकिंग'. २०२१ चा, ऑस्ट्रेलियातल्या विच बीमवाल्यांचा. एका पोरीची १९९७ ते २०१८ मधली आठ घरं, दरवेळी खोके उघडायचे आणि सामान लावायचं. ती पोरगी दिसत नाही, बोलत नाही, पण तिच्या वस्तूंवरून सगळं कळते. बायको म्हणे हे मी करते, तुम्हाला कपाट लावायची अक्कल नाही, आणि खरंच तिने पटापट लावलं, माझ्याकडून अर्धं सामान चुकीच्या जागी ठेवलं जाऊन लाल होत होतं. मग ते २०१० चं घर आलं, पोरगी मित्राकडे राहायला जाते, त्याचं सामान आधीच सगळीकडे पसरलेलं. तिच्या डिग्रीची फ्रेम कुठे लावावी तर भिंतीवर जागाच नाही. बायकोने हॉलमध्ये लावून बघितली, किचनमध्ये, बाथरूममध्येसुद्धा. शेवटी पलंगाखाली सरकवली तेव्हा गेम मानला. ती माऊस ठेवून थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "माझं बीएडचं कुठे आहे हो?" मी म्हटलं असन इथेच. माळ्यावर आहे, कूलरच्या जुन्या गवताच्या पोत्यामागे, मला चांगलं माहीत होतं. पुढच्या दोन दिवसात मी ते गपचूप काढून हॉलमध्ये टांगलं. तिने बघितलं, काही म्हटलं नाही, फक्त खिळा वाकडा आहे म्हणाली.

गवताचं पोतं निघालं आणि तिथेच मी फसलो. कारण एप्रिल आला होता, पारा ४२ वर, आणि आई म्हणे तो गाडी धुवाचा खेळ पुष्कळ झाला, आता कूलर काढ.

तो गाडी धुवायचा गेम म्हणजे 'पॉवरवॉश सिम्युलेटर', इंग्लंडच्या फ्युचरलॅबचा, २०२२ चा. हाती पाण्याची बंदूक, समोर घाण वस्तू. नोझल निवडायचं, शून्य डिग्रीची बारीक धार, १५, २५, ४० चा पसरट फवारा, आणि एखादा भाग पूर्ण स्वच्छ झाला की तो चमकतो आणि टिंग वाजते. ते टिंग म्हणजे काय सांगू, पगार जमा झाल्याचा मेसेज त्याच्यापुढे काही नाही. कधी ९९ टक्क्यावर अडकलं तर टॅब दाबायचं, उरलेली घाण आपोआप उजळून दिसते.

आमचा कूलर पत्र्याचा, ऑक्टोबरपासून बाल्कनीत ताडपत्रीखाली. ताट्या खोलल्या तर मागच्या वर्षीचं गवत चहाच्या रंगाचं, कडक, कीस पाडता येईल असं. बोअरच्या पाण्यानं आतून पांढऱ्या क्षाराचा थर, बोटभर, आणि पंप असा जाम की फिरवायला गेलो तर मीच फिरलो. पोरगं नळाला पाईप लावून उभं, विचारते, "बाबा, नोझल कोणतं, पंधरा की चाळीस?" आमच्याकडे नोझल म्हणजे अंगठा. दाबला की पंधरा, सोडला की चाळीस. शून्य डिग्री होतच नाही, ती थेट डोळ्यात येते. एक तास घासलं, स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, लिंबू, सगळं झालं. एकदाही टिंग नाही.

आणि घाण पाणी जाते कुठे हा प्रश्न गेममध्ये मला कधी पडलाच नव्हता. तिकडे ते हवेत विरते. इकडे ते बाल्कनीच्या नळीतून खालच्या काकूंच्या गच्चीवर जात होतं, जिथे दोन किलो गव्हाच्या कुरडया वाळत घातलेल्या होत्या. काकूंचा आवाज वरपर्यंत आला. मी खाली गेलो, चहाच्या रंगाच्या त्या कुरडयांकडे बघितलं, हात जोडले आणि पाकीट काढलं.

वर आलो तर बायको कमरेवर हात ठेवून कूलरसमोर उभी. तिने नुसती एक नजर फिरवली आणि डावा कोपरा, फ्लोटच्या मागे, जाळीची खालची पट्टी, जिथे जिथे मी टंगळमंगळ केली होती ते सगळं उजळून निघालं. पुन्हा बसलो. संपलं तेव्हा दिवेलागण झालेली, नवीन गवत लावलं, पाणी भरलं, बटण दाबलं, आणि तो ओला, मातकट, वर्षातून एकदाच येणारा वास घरभर सुटला. बायकोने किचनमधून चमचा वाटीवर आपटला. "टिंग," म्हणाली, "पण मागची बाजू उद्या."

आई कूलरसमोर खुर्ची टाकून बसली होती. "किती देले रे खाली?"

"आठशे."

आई काही बोलली नाही. फक्त खुर्ची अजून थोडी पुढे घेतली.