'भित्रा' हा शब्द खटकला

अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगमेरीचा स्वतःच्या नावाने आलेला पहिला अल्बम, १९५९ चा 'द वेस माँटगमेरी ट्रायो', 'भित्रा' आहे असं लेखात म्हटलंय. हे अजिबात पटलं नाही.

लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये आणि आपल्या भावांबरोबर त्याने आधी वाजवलं होतं, पण रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीने बँडलीडर म्हणून उभं केलं तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री इंडियानापोलिसच्या क्लबांमध्ये वादन. आमच्या नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली शिफ्ट संपवून संध्याकाळी तबला किंवा गिटार काढून बसणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या उमेदीची किंमत कळेल. असा माणूस न्यूयॉर्कला जाताना तिथले नामांकित साथीदार न घेता गावाकडचे मेल्विन राइन (ऑर्गन) आणि पॉल पार्कर (ड्रम्स) यांनाच घेऊन रेकॉर्ड करतो, याला मी धाडस म्हणेन.

ऑर्गनचा आवाज जरा पातळ आहे, ते मान्य. पण गिटार ऐका! पिकऐवजी (तार छेडायची छोटी पट्टी) अंगठ्याने छेडलेली तार, त्यामुळे सुराला आलेली ती गोलाई, आणि एकच सूर एकाच वेळी दोन सप्तकांत वाजवत पुढे नेलेली धून. मी गिटार शिकवतो. मुलांना वेगाची फार घाई असते, त्यांना मी आधी हाच अल्बम ऐकवतो. सुरुवातीचा 'राउंड मिडनाइट' हेडफोन लावून पुन्हा एकदा ऐका, ही लेखकांना मनापासून विनंती.