उसने हक्क? एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. युद्धातून सावरणाऱ्या देशांत स्त्रियांच्या हक्कांसाठी परदेशांनी दिलेला पैसा फुकट जातो, कारण उसने हक्क टिकत नाहीत, आणि अफगाणिस्तान हा त्याचा पुरावा, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. रवांडात २०१३ साली संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या ८० पैकी ५१ जागांवर स्त्रिया निवडून आल्या, हे मी लेखात मोठं यश म्हणून मांडलं. जिथे सरकारविरुद्ध बोलण्याची फारशी सोयच नाही, तिथे जागा मोजून हक्क मोजता येत नाहीत, हा तुमचा आक्षेप मान्य. मी खरं तर १९९९ च्या वारसा कायद्याबद्दल लिहायला हवं होतं. १९९४ च्या नरसंहारानंतर अनेक घरं विधवा आणि मुली चालवत होत्या, आणि त्या कायद्याने मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसाहक्क दिला.

अफगाणिस्तानातला पैसा अनेकदा वाईट रीतीने खर्च झाला, हेही खरं. अमेरिकेच्या 'प्रमोट' योजनेतून ७५,००० स्त्रिया पुढे आणायच्या होत्या. २०१८ साली अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी विचारलं की, यातून नेमकं साधलं काय, हे तुम्ही तपासलं तरी आहे का?

पण त्याच देशात अशाच मदतीतून सुईणी तयार झाल्या. गावाने आपल्यातली एक मुलगी निवडायची, तिने प्रशिक्षण घ्यायचं आणि गावात परत येऊन बाळंतपणं करायची. २००२ नंतर अशा हजारो जणी शिकल्या. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने हे शिक्षणही बंद केलं. ते 'टिकलं नाही' असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन, ते बंदुकीच्या जोरावर हिसकावून घेतलं. चोरी झाली म्हणून घरात धान्य भरणाऱ्या बाईला कुणी दोष देतं का?

आणि दोष द्यायचाच तर मदतीच्या आधी दोह्याच्या कराराला द्या. आपलं सैन्य मागे घेण्यासाठी २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेने तालिबानशी तो केला, तेव्हा अफगाण सरकार त्यात पक्ष नव्हतं आणि मजकुरात स्त्रियांच्या हक्कांचा उल्लेखही नव्हता. वीस वर्षं ज्यांच्या नावावर पैसा खर्च केला, त्यांना सही करताना वगळलं. याचा मला आजही संताप येतो.

'उसने' हा शब्द मात्र मला मुळीच मान्य नाही. २००३ साली लायबेरियातल्या बायका यादवी युद्ध थांबावं म्हणून पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियात मासळी बाजाराजवळ उन्हापावसात धरणं धरून बसल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान, दोन्ही. लेमा बोवी त्यांच्यात पुढे होत्या. शांततेच्या वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहीजणी घानातल्या अक्रामध्ये, जिथे त्या चालू होत्या, सभागृहाच्या दारात बसल्या आणि नेत्यांना बाहेर पडू देईनात. हा हक्क त्यांना कुणी उसना दिला होता?

'मग पैसा द्यायचा तरी कुणाला?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. बोस्नियातलं झेनित्सा बघा. १९९३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, मोनिका हाउझर या डॉक्टर बाईंनी तिथल्याच सुमारे वीस स्त्रियांसोबत बलात्कारपीडितांसाठी केंद्र उभं केलं. डॉक्टर, परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ, सगळ्या स्थानिक, पैसा बाहेरचा. ते केंद्र आजही चालू आहे. अशांना द्यावा, आणि दीड-दोन वर्षांच्या प्रकल्पापुरता नव्हे, त्या स्वतः सांगतील तितकी वर्षं.