करमणुकीसाठी ओढणे

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी माझ्याच गाडीत स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि गाडी ट्रॅक्टर ओढत होता. नेमकं सांगायचं तर आम्ही ट्रॅक्टरच्या मागच्या रिकाम्या ट्रॉलीला बांधलेलो होतो. म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉली, नाडा आणि शेवटी कनिष्ठ महाविद्यालयाचा एक वरिष्ठ प्राध्यापक. मागच्या सीटवर बायको आणि सासूबाई. निघालो होतो अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला. रेणापूर ओलांडलं आणि गाडीनं एक आचका देऊन मान टाकली.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला होता. पलीकडच्या मुलीनं अत्यंत गोड आवाजात जवळची महत्त्वाची खूण विचारली. मी म्हटलं, बाभळीचं झाड. ती म्हणाली, ‘सर, त्याव्यतिरिक्त?’ त्याव्यतिरिक्त मी होतो. गाडी उचलून नेणारा ट्रक तीन तासांत येईल, असं सांगून तिनं मला सेवेबद्दल पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सेवा यायच्या आधी गुण! आमच्या लातुरात सुद्धा आधी परीक्षा घेतात.

तर ट्रॅक्टर. तो पोरगा देवासारखा थांबला, पण त्याच्यासोबत लांबच्या चहाच्या टपरीवरून एक आबा उठून आले. पांढरं धोतर, डोक्याला मळकट उपरणं, काखेत खताची घडी केलेली पिशवी. त्यांनी नाड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली, हात झटकले आणि माझ्या शेजारचं दार उघडून आत बसले.

‘‘मला तेवढं फाट्याला सोडा, सर.’’

मी म्हटलं, ‘‘आबा, गाडी बंद आहे.’’

‘‘मंग? जायलीच हाय की.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता दोन ओळीत अमेरिका सांगतो. माझा साडू डॅलसला असतो. त्यानं 32 फुटांचं मोटारहोम घेतलंय. आत पलंग, फ्रिज, संडास, आणि बटण दाबलं की भिंत बाहेर सरकून बैठक रुंद होते. हे धूड घेऊन गावात भाजी आणायला जाता येत नाही, म्हणून तिकडचे लोक त्याच्यामागे आपली घरची गाडी बांधून नेतात. मुक्कामाला पोचलं की घर उभं करायचं आणि गाडी सोडून फिरायला जायचं. तर मागे बांधायला कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न साडूनं तीन आठवड्यांपूर्वी मला टाकला होता. ‘‘तुम्हाला गाड्यांमधलं कळतं,’’ असं म्हणून. मी विरघळलो. दोनशे पानी वही केली. रोज रात्री जेवणानंतर तिकडच्या गाड्यांची पुस्तकं वाचत बसलो. त्या पुस्तकांत या विषयाच्या प्रकरणाला जे नाव असतं, त्याचं मराठी ‘करमणुकीसाठी ओढणे’ असंच होईल. रविवारी मी कुणाच्या करमणुकीसाठी ओढला जात होतो, हे अंबाजोगाई रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर दिसत होतं. एकानं तर गती कमी करून मुलाला दाखवलं.

आणि त्याच वेळी साडूचा व्हिडिओ कॉल आला. त्याची शनिवारची रात्र, निर्णय आजच करायचा. बायकोनं मोबाइल पुढे डॅशबोर्डला टेकवून ठेवला. माझे दोन्ही हात गुंतलेले. बंद गाडीचं स्टिअरिंग म्हणजे जातं असतं, ब्रेकही दगडासारखा. वर नाडा ढिला पडू नये म्हणून मधूनमधून तोच दगड दाबत राहायचा.

सासूबाईंनी मागून पहिला प्रश्न टाकला, ‘‘पाण्याची सोय काय त्या घरात?’’ 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावची बाई दुसरं काय विचारणार? साडूनं उत्साहानं सांगितलं की ताज्या पाण्याची टाकी वेगळी, धुण्याभांड्याच्या सांडपाण्याची वेगळी आणि संडासाची वेगळी. सासूबाई ‘‘अगं बाई!’’ म्हणाल्या आणि पुढचे पाच मिनिटं गप्प झाल्या. संडास सोबत घेऊन हिंडणारा जावई त्यांना पचवायचा होता.

ती जागा आबांनी घेतली. ते मोबाइलच्या इतके जवळ गेले की डॅलसला त्यांच्या नाकपुडीशिवाय काही दिसलं नसेल.

‘‘घर फुडं अन् गाडी मागं?’’

‘‘हो आबा,’’ साडू.

‘‘मागच्या गाडीत कोन बसतंय?’’

‘‘कोणी नाही.’’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, तिकडं जे काम कोणी करत नाही ते तुम्ही करायलाव, एवढं सगळं होतं.

‘‘मंग हँडल?’’

‘‘ते आपोआप वळतं. लोखंडी दांडा असतो मध्ये, दोर नाही.’’

‘‘बिरेक?’’

‘‘पेडलवर एक यंत्र बसवायचं. मी पुढे ब्रेक मारला की ते मागे दाबतं.’’

‘‘अन् दांडा तुटला तर?’’

साडूनं साखळ्या सांगितल्या आणि गाडी सुटली तर ब्रेक आपोआप लागावा म्हणून असलेली तार सांगितली. हे सगळं माझ्या वहीत पान नऊ ते चौदावर होतं. मी तसं म्हटलंही. कोणी ऐकलं नाही.

‘‘रिव्हर्स घेता येत नसंल,’’ आबा म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

साडू चाट पडला. खरंच येत नाही. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढलेली गाडी मागे ढकलली की तिची पुढची चाकं आडवी होतात. चुकीच्या गल्लीत शिरलं तर गाडी सोडवून मग घर मागे घ्यायचं. आबांना हे कसं ठाऊक? त्यांनी वीस वर्षं कारखान्याला ऊस वाहिला होता, डबल ट्रॉली. ‘‘दोन ट्रॉल्या लावून कारखान्याच्या गव्हाणीत चुकीचं शिरलं की मुकादमाच्या तोंडून आईबहिणी निघत्यात, सर. माज्या न्हाई निघाल्या कदी.’’

डबल ट्रॉलीवरून आठवलं. ऊसतोडीच्या टोळ्या सध्या आमच्या रस्त्यांवरून पश्चिमेकडे आणि कर्नाटकात चालल्यात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल दिवाळीआधीच संपलेली असते. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चूल, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, नातवाला मांडीवर घेतलेली आजी, आणि सगळ्याच्या वर आडवी बांधलेली मोटारसायकल. घर पुढे जातं आणि गावात फिरायची गाडी सोबत बांधलेली. साडूनं डॅलसला पैसे मोजून जे घेतलं ते बीड जिल्ह्यात दर हंगामात निघतं. फरक एवढाच की तिकडच्या घराची भिंत बटणानं बाहेर सरकते आणि इकडच्या पाचटाच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, भिंतच नसते. माझ्या वर्गातली दोन मुलं दरवर्षी या दिवसांत दिसेनाशी होतात. हजेरीत मी त्यांची नावं अजून घेतो.

असो. मुद्द्याची गोष्ट गिअरबॉक्स. साडूपुढे तीन गाड्या होत्या. घरची ऑटोमॅटिक सेडान, नवी होंडा सीआर-व्ही आणि जीप रँग्लर. मी वहीतलं तोंडपाठ सांगायला लागलो. सहसा ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात आणि गिअरबॉक्स जळतो. सीआर-व्ही 2014 पर्यंतची अशी ओढलेली चालायची, 2015 पासून तिला सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि ते दार बंद झालं. म्हणून अशा गाडीची पुढची चाकं जमिनीला लावून कधीही, कोणत्याही परिस्थितीत...

इथं माझा आवाज बसला.

माझी गाडी ऑटोमॅटिक. सीव्हीटी. गुडघ्यामुळे मुद्दाम घेतलेली. इंजिन बंद. पुढची चाकं जमिनीवर, गरागरा.

मी हॉर्न दाबला. खिडकीतून हात काढून ओरडलो. ट्रॅक्टरवरच्या पोराचे दोन भोंगे असे वाजत होते की त्याला स्वतःचं लग्न ऐकू आलं नसतं. मी ब्रेक दाबला, तर नाडा ताणून त्यानं आणखी जोर लावला. त्याला वाटलं चढ लागला.

‘‘काय झालं वो?’’ बायको.

‘‘गिअरबॉक्स!’’

‘‘कुणाचा? त्यांचा का आपला?’’

या गोंधळात आबा शांतपणे डॅलसशी बोलत होते. ‘‘त्या जीपला हाय-लोचा दांडा हाय का, ट्रॅक्टरला असतो तसा?’’ साडूनं पाहून सांगितलं, आहे. आणि त्याला मधे न्यूट्रलही आहे. ‘‘मंग झालं की. त्यो मधी टाकला की चाकं इंजनापासनं सुटली. पुना कुटंबी फिरू द्या. त्येच घ्या.’’

तीन आठवडे. दोनशे पानी वही. माझं उत्तरही हेच होतं, पान एकतीस, लाल शाईनं चौकट करून. ‘‘थँक यू आबा!’’ साडू म्हणाला. ‘‘सर, तुम्ही पण थँक यू.’’ पण!

फाट्यावर ट्रॅक्टर थांबला. आबा उतरले, कनवटीला हात घातला आणि दहाची नोट काढली. मी ‘‘अहो आबा, कशाला,’’ असं म्हणेपर्यंत ते माझ्या खिडकीवरून पुढे गेले आणि नोट ट्रॅक्टरवाल्याला दिली. परत जाताना मला म्हणाले, ‘‘वढलं त्यानं, सर.’’

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून, कानावर पेट्रोलच्या वासाचा हात ठेवून ऐकल्यासारखं केलं आणि पंप गेलाय म्हणाला. इंधनाचा. गिअरबॉक्सचं विचारलं तर म्हणाला, ‘‘अडीच किलोमीटरनं काय होत नाही.’’ मग बोल्ट पिळता पिळता, ‘‘बहुतेक.’’ त्या ‘बहुतेक’पायी मी गेले आठ दिवस रेडिओ बंद करून गाडी चालवतोय, प्रत्येक आवाजाला कान देऊन. कंपनीचा ट्रक त्या दिवशी साडेचारला बाभळीपाशी पोचला म्हणे. फोन करून ‘‘तुम्ही तिथं का नाही?’’ असं रागावून विचारलं.

काल कुटुंबाच्या ग्रुपवर साडूचा फोटो आलाय. पांढरं लांबलचक मोटारहोम आणि त्याच्यामागे दांड्याला जोडलेली लालभडक जीप. खाली सासूबाईंचे हात जोडलेले आठ चिन्हं. साडूनं लिहिलंय, ‘आबांना नक्की दाखवा, त्यांचा नंबर मिळाला तर पाठवा.’ माझ्या गाडीचं काय झालं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.