ईएफ 35 आहे म्हणून चालणं बंद?

‘ईएफ 40 च्या खाली असेल तर चालणंसुद्धा बंद करा,’ हा मेसेज कुणीतरी बाबांना पाठवला. ईएफ म्हणजे हृदय रक्त किती बाहेर ढकलतं त्याचा आकडा; त्यांचा 35. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फिरणं सोडलं. तीन आठवड्यांत खुर्चीतून उठताना दोन्ही हातांवर जोर द्यावा लागायला लागला, बाथरूमपर्यंत जाऊन येतानाच धाप. ‘बघ, मेसेजमध्ये लिहिलंय तेच होतंय,’ असं वर मलाच ऐकवलं. अहो, पायांतली ताकद बसून गेली!

मेसेज म्हणतो, ईएफ 40 म्हणजे 60 टक्के हृदय मेलं. साफ खोटं. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, तो ईएफ. शंभर टक्के कुणाचंच पडत नाही. ठणठणीत माणसाचाही साधारण 55 ते 70 असतो. 120 मिली भरलं, 70 बाहेर पडलं, तर ईएफ 58. हृदय ताणून मोठं झालं, 200 मिली भरलं आणि तेवढंच 70 बाहेर पडलं, तर 35. आजार आहेच, पण नुसत्या या आकड्यावरून माणूस किती चालेल ते कळत नाही. म्हणून तर हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामात, सहा मिनिटं चालवून बघतात.

‘ठोके जन्मतः मोजून मिळतात, व्यायामात उधळू नका’ हे वाचून तर डोकंच फिरलं. वादापुरतं धरून चालू. अर्धा तास चालताना मिनिटाला 25 ठोके जास्त पडले, तर 750 खर्च. नियमित व्यायामाने एरवीची नाडी 5 ने जरी उतरली, तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत 7,050 वाचले. मग उधळतंय कोण?

मेसेजमध्ये पुढे, ‘कमजोर हृदयाला विश्रांती हेच औषध.’ 2009 साली एचएफ-ॲक्शन या चाचणीचे निष्कर्ष आले. 2,331 रुग्ण, सगळ्यांचा ईएफ 35 किंवा त्याहून कमी, म्हणजे बाबांसारखेच. व्यायामाच्या गटाला आधी देखरेखीखाली 36 सत्रं, मग घरी व्यायाम. त्यांच्यात मृत्यू किंवा ॲडमिट होणं वाढलं नाही. मृत्यू फार घटले असंही नाही, पण रोजचं जगणं थोडं सुधारलं.

एवढं मान्य करते की सरसकट सगळ्यांनी उठून चालायला लागू नये. बसल्या जागी छातीत दुखतंय, चक्कर येतेय, पायांवर सूज चढतेय, दोन-तीन दिवसांत 2 किलो वजन वाढलंय, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठायचं. श्वास रोखून जड उचलायचं नाही.

आणि व्यायामात नाडी जास्तीत जास्त किती जाईल ते काढायचं ते ‘220 वजा वय’चं सूत्र. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी गोळीनेच दबलेली असते, त्याला ते लागू करू नका. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हे बघा.

डॉक्टरांनी तपासल्यावर बाबा आज फिजिओथेरपिस्टसमोर सहा मिनिटं चालले. दोनदा थांबले. 210 मीटर झाले. सोमवारपासून आठवड्याला तीन सत्रं.