वळणावरची भाकरी

घरात एकाला कॉम्प्युटर येतो अशी ख्याती झाली की लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि ‘दुःखद निधन’ यांतून त्या माणसाची सुटका नाही. आमच्या घरात तो माणूस मी. त्यामुळे वहिनींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती उद्योग काढला, तेव्हा पाकिटावरच्या गोल स्टिकरचं काम न विचारताच माझ्या अंगावर आलं.

“नाव सरळ नको हं भावजी, कमानीसारखं यावं. वर ‘कडक भाकरी’, खाली ‘सोलापूर’. आणि गड्ड्याच्या आत पाहिजे.”

गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. होम मैदानावरच्या एका स्टॉलवर वहिनींनी अर्धी फळी आधीच ठरवून टाकली होती. म्हणजे माल तयार, जागा तयार, अडलं होतं ते फक्त माझ्या कमानीपाशी.

इंकस्केप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. २००३ साली सोडिपोडी नावाच्या प्रोग्रॅममध्ये फूट पडून ते जन्मलं. फूट म्हणजे काय ते महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. त्यात वर्तुळ काढायचं, मजकूर लिहायचा, दोन्ही निवडायचं आणि ‘टेक्स्ट’ मेनूतून ‘पुट ऑन पाथ’ म्हणायचं. मी म्हटलं. ‘कडक भाकरी’ वर्तुळाच्या उजव्या कडेला उगवली, तिथून खाली घसरली आणि तळाशी पोचेपर्यंत उलटी झाली. इंकस्केपचं वर्तुळ घड्याळातल्या तीनच्या जागेवरून सुरू होतं आणि अक्षरंही तिथूनच काट्याच्या दिशेने चालू लागतात. वर्तुळ अर्धं फिरवलं, तेव्हा कुठे नाव नऊच्या जागेवरून डोक्यावर चढलं.

चढलं ते बघून अण्णा म्हणाले, “का बे, हे भाकरी आहे का भुईकोट किल्ल्याचा तट?”

खरोखरच तटाच्या माथ्यावर असतात तशा दातेरी चर्या दिसत होत्या. त्याचं असं आहे, की सॉफ्टवेअर अक्षर वाकवत नाही, नुसतं तिरकं करतं. प्रत्येक अक्षर पायाने वर्तुळावर उभं राहतं आणि शेजाऱ्यापासून डोकं लांब नेतं. इंग्रजीचं त्यात काही बिघडत नाही, कारण त्या अक्षरांचा डोक्याने एकमेकांशी संबंधच नसतो. आपली सगळी एकी डोक्यावर! क, ड, क प्रत्येकाच्या माथ्यावर आपापला सरळ तुकडा आणि मध्ये फटी. खालच्या ‘सोलापूर’ला नेमकं उलटं दुखणं. तिथे डोकी आतल्या बाजूला येतात, त्यामुळे शिरोरेखा एकमेकींवर चढल्या, आणि ‘पू’चा उकार स्टिकरच्या कडेबाहेर जाऊन लोंबू लागला.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. त्या तेलुगू. हैदराबादच्या पाहुण्यांना चटणी पाठवायची होती, म्हणून “आमच्या भाषेत पण एक करून द्या की” म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं नाव मी टाइप केलं, ‘पुट ऑन पाथ’ म्हटलं, झालं! गोलावर गोल अक्षरं जन्मापासून तिथेच राहत असल्यासारखी बसली. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर फार तर एक छोटीशी खूण, ती ज्याची त्याची. शेजाऱ्याशी जोडणी नाही. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान फाटायचं, म्हणून ही लिपी गोल झाली असं म्हणतात. अक्का चहा संपवून, स्टिकर घेऊन गेल्यासुद्धा. वहिनी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, तिचा अर्थ ‘त्यांचं कसं झालं?’ एवढाच होता.

मग मी अक्षरांचे आकार करून ते ‘बेंड’ इफेक्टने खरोखरच वाकवले. शिरोरेखा अखंड झाली, पण सगळी अक्षरं वरून फुगली. कडक भाकरी टम्म फुगलेली दिसू लागली, आणि कडक भाकरीबद्दल याहून खोटी जाहिरात करता येणार नाही.

रात्री अण्णा पाणी प्यायला उठले. “अजून तेच का बे?” म्हणून खुर्ची ओढून बसले. त्यांचा जन्म यंत्रमागावर गेला. उभा धागा, आडवा धागा, यापलीकडची भूमिती त्यांना मान्य नाही. पण म्हणाले, “माझ्या वडिलांची जमाखर्चाची कीर्द मोडीत असायची. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. तू अक्षरं आधी बसवून रेघ जुळवायला निघालास.”

मी मूळ वर्तुळाच्याच केंद्रावर, शिरोरेखेच्या उंचीला दुसरं वर्तुळ काढलं, हवी तेवढी कमान ठेवून बाकीचं छाटलं, रेघ शिरोरेखेइतकी जाड केली आणि दोन शब्दांच्या मध्ये ती तोडली. चर्या बुजल्या. इतकी देखणी कमान की अण्णांनी चष्मा काढून पुसून परत लावला. आणि वाचलं, “कडक माकरी.”

‘भ’च्या डोक्यावर फट असते. रेघ तिच्यावरून सरळ गेली होती. आनंदीबाईंनी ध चा मा केल्याचं सांगतात. इथे एका रेघेने भ चा म केला होता. म्हणून ‘भ’वर कमान केसभर कापली, खालच्या ‘सोलापूर’लाही तशीच उलटी कमान दिली, आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन सकाळी छपाईला टाकली.

संध्याकाळी गठ्ठा घ्यायला गेलो तर ऑपरेटर खुशीत. “साहेब, तुमची वरची रेघ एका ठिकाणी तुटली होती. जोडून दिली. त्याचे पैसे नाही लावले.”

परत छापायला वेळ नव्हता. नंदीध्वजांची मिरवणूक तोंडावर आली होती, वहिनींनी पाकिटं भरून ठेवली होती. त्यांनी एक स्टिकर लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं, आणि चिकटवायला सुरुवात केली.

स्टॉलवर पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, “माकरी म्हणजे काय ओ?”

“नवीन आहे,” वहिनी म्हणाल्या. “ज्वारीचीच, पण बघा खाऊन.”

दुसऱ्या दिवशी तो माणूस बायकोला घेऊन परत आला. शेजारच्या स्टॉलवर कडक भाकरी स्वस्त होती, ती बायकोने उचललीही होती. त्याने ती तिच्या हातातून काढून खाली ठेवली. “ही नको गं, ही साधी भाकरी आहे.”