अझिथ्रोमायसिनच्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

‘साठीनंतर अँटिबायोटिक घेऊच नका. अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांनी हृदय बंद पडतं, अमेरिकेने २०१३ मध्येच इशारा दिलाय. घेतली असेल तर लगेच बंद करा, धोका टळतो.’ फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधलं एक वाक्य खरं आहे, म्हणूनच बाकीची खपतात.

इशारा खरा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, तो मार्च २०१३ मध्ये दिला. आदल्या वर्षी टेनेसीतल्या रुग्णांच्या अभ्यासात, अमॉक्सिसिलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या तुलनेत दर दहा लाख कोर्समागे हृदयविकाराचे ४७ मृत्यू जास्त दिसले. हृदयाचा धोका आधीच सर्वाधिक असलेल्यांत हा आकडा २४५, म्हणजे साधारण चार हजारांत एक. धोका आहेच, पण ‘हृदय बंद पडतं’ हे त्याचं वर्णन नव्हे.

‘कोणतंही अँटिबायोटिक नको’ हे तर सरळ चूक. क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिनलाही हा दोष आहे, अमॉक्सिसिलिनला नाही. आणि म्हातारपणी न्यूमोनिया अंगावर काढणं जिवावर बेततं.

मेसेजमध्ये जे नाही, तेच महत्त्वाचं. अझिथ्रोमायसिन आणि हा दोष असलेली औषधं हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट अडवतात. ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला उशीर होतो. ईसीजीवर क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबलेला दिसतो. एकट्या गोळीने बहुधा एवढंच. आता पंचाहत्तरीच्या आजींचा गोळ्यांचा डबा उघडा: सकाळच्या कप्प्यात लघवीची गोळी, शेजारी ठोके ताळ्यावर ठेवणारं अमिओडॅरोन, तेही क्यूटी लांबवतं. त्यात दोन दिवस जुलाब, म्हणजे पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरलेलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन दिलं, मळमळतंय म्हणून वर ऑन्डॅन्सेट्रॉन, तेही क्यूटी लांबवणारंच. ठोका बिघडतो तो इथे, आणि बायकांमध्ये जास्त. कोट्रायमोक्साझोल या आणखी एका अँटिबायोटिकचं उलटं: रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी यांच्यासोबत ते पोटॅशियम चढवतं, तेही हृदयाला तितकंच घातक.

‘लगेच बंद करा’ या सल्ल्याचा मला सर्वांत राग येतो. अझिथ्रोमायसिनचं प्रमाण निम्मं व्हायलाच जवळपास तीन दिवस लागतात. आज गोळी सोडली म्हणून आज धोका जात नाही, इन्फेक्शन मात्र अर्धवट राहतं. गोळी सुरू असताना भोवळ आली, शुद्ध हरपली किंवा छातीत एकदम धडधडलं, तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल गाठा. ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम तिथेच तपासलं जाईल. निघताना तो डबा नको, गोळ्यांची पाकिटं घ्या. डब्यातल्या सुट्ट्या गोळ्यांवर नाव नसतं.