जावयाची छत्री

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर विसर्जन मिरवणूक बघायला गेलो आणि अडीच तास एक छत्री बघून आलो. काळी, लांब दांड्याची, एक काडी जराशी वाकलेली. डोळे मिटून तिचं चित्र काढून दाखवीन. मंडळं किती गेली, ते मात्र विचारू नका.

जागा चुकली म्हणावं तर तेही नाही. मिरवणूक राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघते, शहागंज, सिटी चौक करत गुलमंडीवर येते आणि पथकं इथंच खरी रंगतात. म्हणून समदं गाव ऐन चौकात घुसतं आणि फसतं. चौकात पथकाला रिंगण लागतं. दोरीवाले कार्यकर्ते दोर ताणून गर्दी पाच-सहा फूट मागं रेटतात. पहिल्या रांगेतला तिसऱ्या रांगेतल्याच्या पायावर जातो आणि ज्याच्या पाठीशी बंद शटर असतं त्याचा पापड होतो. तेव्हा चौकाच्या तीस-चाळीस पावलं अलीकडं थांबायचं, पाठीमागं सरकायला बोळ ठेवून. वळणावर थांबायचंच असेल तर बाहेरच्या अंगाला. ट्रॅक्टरचं तोंड वळतं तशी ट्रॉलीची मागची चाकं वळत नाहीत, आतला कोपरा कापत येतात. दुकानाच्या ओट्यावर चढायचा मोह होतो, पण ओटा शहाबादी फरशीचा असला आणि वरून चार थेंब पडले की तिच्यावर उभं राहणं म्हणजे मल्लखांबच.

आणि वरच्या तारा बघून घ्यायच्या. तार जिथं लोंबकळते तिथं मूर्ती थांबतेच. बांबूवाला पोरगा तार उचलून धरेपर्यंत दोन-चार मिनिटं बाप्पा तुमच्यासमोर. एवढं निवांत दर्शन मंडपातही होत नाही.

हे सगळं जमवून मी साडेनऊला एका लोंबत्या तारेसमोर जाऊन थांबलो. पुढं प्लास्टिकची दोन स्टुलं. एकावर काकू, दुसऱ्यावर छत्री.

"काकू, हे स्टूल रिकामं आहे का?"

"रिकामं कुठाय? छत्री ठिवलीय की."

"कुणाची?"

"जावयाची."

"मग जावई?"

"येऊ लागलेत."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण. आत येऊन बसलेला उठतो आणि अजून फलाटावरच असलेला रुमालवाला बसतो. असा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही. इथं तर रुमाल नव्हता, छत्री होती, तीही जावयाची. मी मागं उभा राहिलो.

दर अर्ध्या तासाला काकूंचा फोन व्हायचा आणि जावयाची खबर मी न विचारता मिळायची. वाळूजहून निघालेत. नगर नाक्यावर आलेत. बाबा पेट्रोल पंपाजवळ गाडी लावायला जागा बघू लागलेत. मधल्या वेळात डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी निघाली. मला अर्धी चतकोर मिळाली, स्टूल नाही.

दहाच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. चामड्याचं पान ओलं झालं की ढिलं पडतं आणि ढोल भद्द वाजतो, म्हणून पुष्कळ पथकं आता फायबरचं पान लावतात. त्यामुळं ढोलांना पावसाचं काही वाटलं नाही. काकूंना वाटलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, छत्री उघडली आणि रिकाम्या स्टुलावर धरली.

"काकू, मिटा ना जरा. मागं काहीच दिसत नाही."

"मिटा कशाला? स्टूल वलं व्हईल. पांढरी प्यांट घालून येऊ लागलेत ते!"

त्यानंतर ध्वजाचं टोक दिसलं, ताशाची तर्री ऐकू आली आणि ढोलाचे ठोके बरगड्यांवर मोजले. बाजूच्या पोरानं मोबाईल उंच धरला होता, त्याच्या पडद्यावर लेझीम दिसली. तेवढ्यात त्याची बॅटरी संपली.

छत्री नसती तरी काय दिसलं असतं म्हणा. मोक्याची जागा स्वागताच्या व्यासपीठांना गेलेली. एकेका मंडळाला थांबवून अध्यक्षाला शाल, श्रीफळ, मग माईकवर नावांची यादी. पथकाचं तोंड व्यासपीठाकडं, पाठ आमच्याकडं. 2024 साली अनंत चतुर्दशी नेमकी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच आली होती. सकाळच्या झेंडावंदनाचे फेटे रात्री व्यासपीठावर तसेच चालून गेले असतील. वर बसणाऱ्यांना पंखा, पाण्याची बाटली. खाली चार-चार तास उभ्या असलेल्या बायाबापड्यांना लघवीला जायचं तर कुठं, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. व्यासपीठ सहा उभारतात, साधं फिरतं स्वच्छतागृह मला तरी एकही दिसलं नाही. याच्यावर विनोद सुचत नाही.

एरवी रात्री 10 ला वाद्यं बंद, चतुर्दशीला 12 पर्यंत सूट. बाराला दहा कमी असताना काकूंचा फोन वाजला. त्या उठून चवड्यांवर उभ्या राहिल्या.

"कुठं? फेटेवाले? डावीकडून चौथे?"

मीही बघितलं. समोरच्या व्यासपीठावर, हॅलोजनच्या झगझगाटात, पांढरी प्यांट, गळ्यात शाल, हातात नारळ. जावई आमच्याकडं बघून हात हलवत होते.

काकूंनी छत्री झटकली, तीही माझ्याच अंगावर, आणि मिटली.

"बसा आता," त्या म्हणाल्या.

बारा वाजले होते. ताशे थांबले. पुढून एक झाडूवाला आणि मागोमाग कचऱ्याची गाडी चालली होती. मी बसलो. स्टूल अगदी कोरडं ठणठणीत होतं.